राखून ठेवलेली फुली

हैदराबादच्या एका वीज कंपनीच्या कचेरीत एक भाषा चालत असे. तिचं नाव नाका. माणसं ती आपसात बोलत नसत, कॉम्प्युटरला सूचना द्यायला वापरत. दूरच्या एखाद्या सबस्टेशनातली लाइन चालू करायची तर कंट्रोल रूममधला माणूस आधी नाक्याला विचारी. तिथल्या ऑपरेटरने दिवसाच्या सूचना टाइप करून ठेवलेल्या असत. नाका त्या वाचे, सगळं ठीक असेल तर जाऊ द्या म्हणे आणि मगच बटण दबे. पुढे त्या भाषेच्या गळ्यात अहवाल पडले, रंगीत तक्ते पडले, साहेबांना दाखवायच्या नाना गमती पडल्या. मूळ काम मात्र एकच होतं. माणूस खांबावर चढलेला असताना त्याच्या हातातल्या तारेत वीज येऊ नये.

ही भाषा एकनाथरावांनी एक्याण्णव साली एकट्याने रचली. काचीगुडा स्टेशनामागच्या गल्लीत तीन पिढ्या राहिलेलं त्यांचं घर, सगळे मास्तर नाहीतर वकील. हे तेवढे कॉम्प्युटरकडे वळले आणि घरच्यांनी त्यांच्यावर पाणी सोडलं. कीबोर्डवर तीसेक चिन्हं असतात. एकनाथरावांनी त्यातली पंचवीस वापरली आणि पाच बाजूला ठेवून दिली. आठच्या आकड्यावरची फुली त्यातलीच एक. त्यांना अर्थ दिला नाही आणि कोणाला देऊही दिला नाही. सूचनेत त्यातलं एखादं दिसलं की नाका जागच्या जागी थांबे आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर लिही, 'राखीव चिन्ह. पुढे वाचणार नाही.' मग ती लाइन चालू व्हायची नाही, हुकूम कोणाचाही असो.

भामा नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने विचारलं होतं, "काका, ही पाच कैकू ठेवलीत? रिकामीच आहेत की."

कचेरीत सगळे त्यांना सर म्हणत. मराठी बोलणारी ही दोघंच, म्हणून भामा काका म्हणे. तिचे आजोबा बिदरकडची शेती भावांना देऊन शहरात आलेले, आणि तिचं मराठी कुकटपल्लीत जेवढं टिकतं तेवढं.

"दिलसुखनगरच्या बसमध्ये खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, पाहिलंस ना?" एकनाथराव म्हणाले. "ज्याच्यासाठी टाकलाय तो अजून चढलेला नसतो. तरी तिथे कोणी बसत नाही."

"आणि तो आलाच नाही तर?"

"मग सीट रिकामी जाते. त्यात बसचं काय बिघडतं? उद्या भाषेत काही नवं आणावं लागलं तर जागा हवी. कोणासाठी ते मला आज माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच धरून ठेवायची."

भामाला ते पटलंही आणि थोडं हसूही आलं. एवढी वर्षं रुमाल टाकून बसलेला माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

मग दोन हजार चौदा उजाडलं आणि राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं. जूनच्या दोन तारखेपासून अर्धं इकडे, अर्धं तिकडे. कचेरीत खुर्च्या मोजल्या गेल्या, कपाटं मोजली गेली, माणसंही मोजली गेली. मधल्या दालनात प्लायवूडची भिंत घालून पलीकडे दुसऱ्या राज्याची कंट्रोल रूम केली. काल ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली त्याच्याकडे जायला आज पास लागायचा. कोण कुठल्या राज्यात जाणार त्याची यादी निघायची होती आणि तोवर सगळ्यांचे जीव टांगणीला लागलेले. भामाच्या नवऱ्याचं वर्कशॉप कुकटपल्लीत, मुलगी सातवीत. तिकडे धाडलं असतं तर घराचेही दोन तुकडे झाले असते.

विभागाचे साहेब प्रतापराव एकदा सहज म्हणावं तसं तेलुगूत म्हणाले, "भामाबाई, ज्या सेक्शनचं काम दोन तारखेला तयार असेल, त्या सेक्शनची माणसं वर विचारून इथेच ठेवता येतील. बघा बाबा." आणि निघून गेले. काही माणसांना धमकीसुद्धा प्रेमाने देता येते, त्यातले ते होते.

घोडं अडलं होतं चौसष्ट लाइनींवर. त्या नव्या सीमेच्या आरपार जात होत्या. अर्धी लाइन आपली, अर्धी त्यांची. त्यांच्या अर्ध्या भागाची माहिती आता नाक्याला मिळणार नव्हती, आणि उत्तर मिळालं नाही तर नाका परवानगी देत नसे. म्हणजे दोन तारखेला सीमेवरची पाचशे गावं अंधारात. तेव्हा नाक्याला सांगणं भाग होतं की ही लाइन पलीकडच्यांची, तिची चौकशी आपण करायची नाही, जाऊ द्यायचं. हे सांगायला एखादी खूण हवी होती.

"नवा शब्द घाल," एकनाथराव म्हणाले.

"घातला असता काका. ऑपरेटरांनी लाइनींना वाटेल ती नावं दिलीत. नवा शब्द काढला की तोच कुठेतरी कोणत्या तरी लाइनीचं नाव निघतो. अकरा हजार सूचना तपासाव्या लागतील, दोन महिने जातील. हातात नऊ दिवस आहेत." भामाने दम घेतला. "फुली रिकामी आहे. ती कुठल्याच सूचनेत वापरलेली असणं शक्य नाही, कारण नाका ती घेतच नाही. तुम्ही ह्याच दिवसासाठी ठेवली होती ना?"

एकनाथरावांना मेच्या एकतीस तारखेला निवृत्त व्हायचं होतं. ह्या बाईला अडवून आपण निघून जायचं आणि तिने तिकडे बदली घ्यायची, हे काही त्यांच्या जिवाला रुचेना.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण एक कर. नाक्याने काय घेतलं ते पाहू नको. काय नाकारलं ते पाहा. वर्षभराच्या नकारांची यादी मशीन ठेवतं, नकारानंतर मंजुरी केव्हा मिळाली तेही. तीत फुली कुठे कुठे येते ते बघ, आणि मग मला सांग."

भामाने यादी काढली. फुलीमुळे झालेले नकार हजाराच्या आसपास होते. सगळ्यात जास्त सत्तावीस नंबरच्या सबस्टेशनातले, ते सीमेजवळचं, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. सकाळी नऊ चाळीस, लाइनीच्या नावाआधी फुली, नकार. दहा पंचवीस, तीच लाइन, फुली नाही, मंजूर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिने दोन पानं पाहिली आणि ओठ दाबून हसली. तिकडच्या ऑपरेटरचं बोट सारखं घसरतं आणि चूक कळायला बिचाऱ्याला पाऊण तास लागतो, असं तिला वाटलं. ओळीच्या सुरुवातीलाच त्या सबस्टेशनाचा फोन नंबर छापलेला होता. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच दुपारी बदल्यांची पहिली यादी लागली म्हणून सगळे खाली धावले, आणि तीही धावली. यादीत तिचं नाव नव्हतं. वर येऊन तिने कागदावर लिहिलं, 'फुलीचे नकार तपासले. टायपिंगच्या चुका. प्रत्यक्ष वापर नाही.' खाली सही.

एकतीस तारखेला एकनाथरावांच्या गळ्यात हार पडला. उस्मानिया बिस्किटं आणि चहा झाला. प्रतापरावांनी भाषण केलं आणि त्यात नाक्याचं नाव दोनदा चुकवलं. सगळे पांगल्यावर एकनाथरावांनी भामाचा कागद खिशातून काढला. फुलीला अर्थ द्यायचा तर त्यावर त्यांची सही लागत होती.

"पाहिलंस ना नीट?"

"पाहिलं काका."

त्यांनी सही केली. तिचा शब्द त्यांना पुरला. आणि ती खोटंही बोलली नव्हती. तिने पाहिलं होतंच.

दोन जूनला पाचशे गावांत दिवे लागले. प्रतापरावांनी पेढे वाटले.

सतरा जूनला दुपारी कंट्रोल रूममधून फोन आला की सत्तावीस नंबरला लाइनमन खांबावर गेला. खांबावर गेला म्हणजे मेला, हे त्या कचेरीत कोणाला समजावून सांगावं लागत नसे. नाव मल्लय्या, वय एकेचाळीस. भामाने त्या दिवसाची यादी उघडली. दोन चाळीस, लाइनीच्या नावाआधी फुली. मंजूर.

ती ओळ तिने तीन वेळा वाचली. सत्तावीसची ती लाइन सीमा ओलांडत नव्हती. ती पलीकडच्यांची नव्हतीच. तिच्यापुढे फुली असायचं काही कारण नव्हतं, आणि तरी ती तिथे होती, रोज असायची तशी. त्याच संध्याकाळी, कोणालाही न विचारता, तिने आपल्या बाजूच्या नाक्यात फुली पुन्हा राखीव करून टाकली. सीमेवरच्या आपल्या लाइनी हाताने तपासून चालू करायची पाळी आली, तर येऊ दे म्हणाली. प्रतापराव रागावले नाहीत. "बरं केलंत," ते म्हणाले, "पण लेखी काही नको. चौकशी लागलीय. ऑपरेटरने परमिट न घेता माणूस वर चढवला, सगळं त्याच्यावर जाणार. तुम्ही गुरुवारी समितीबरोबर जा, मशीन बरोबर होतं एवढं सांगा, झालं."

गुरुवारी पहाटे जीप निघाली. भामाने वर्षभराच्या नकारांची यादी, खाली सतरा जूनची ती ओळ जोडून, छापून बरोबर घेतली. सत्तावीस नंबर म्हणजे एक खोली, कुंपण, पाण्याचा माठ आणि बाभळीखाली मोडकी खुर्ची. ऑपरेटरचं नाव यादगिरी. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, निलंबनाचा कागद शर्टाच्या खिशात. समितीतल्या दोघांनी त्याला अर्धा तास फैलावर घेतलं. परमिट का नाही, जमिनीला जोडायची साखळी का नाही. तो मान खाली घालून होय होय म्हणत राहिला. ते लोक खांब बघायला गेले तेव्हा तो भामाजवळ आला आणि तेलुगूत हळूच म्हणाला, "अम्मा, तुम्ही मशीनवाल्या ना? एक विचारू? मशीन रोज थांबायचं. त्या दिवशी का नाही थांबलं?"

"रोज थांबायचं म्हणजे?"

त्याने आतून जुनी रजिस्टरं आणली. कॉम्प्युटर यायच्या आधीची. लाइनींच्या नावांपुढे कुठे कुठे लाल शाईची फुली. "हे माझ्या उस्तादाने शिकवलं. माणूस वर चढला की फुली, उतरला की पुसायची. मग कॉम्प्युटर आला. परमिटचा नंबर जिल्ह्याहून यायला अर्धा दिवस लागतो अम्मा, आणि फ्यूज बदलायला अर्धा तास. म्हणून आम्ही फुलीच टाइप करायला लागलो. मशीन चिडून थांबायचं, हैदराबादवाल्यांना काही केल्या लाइन सुरू करता यायची नाही. माणूस उतरला की फुली काढायची. एवढी वर्षं एकाला खरचटलं नाही. मल्लय्या माझी फुली बघितल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. त्या दिवशीपण त्याने आत येऊन बघितली."

भामाला त्याच्याकडे बघवेना. तिने हातातली यादी उघडली. नऊ चाळीस, दहा पंचवीस. अकरा दहा, अकरा पन्नास. बोट घसरलेलं नव्हतं. माणूस चढला, माणूस उतरला. पान भरून माणसं चढत होती आणि उतरत होती आणि तिने त्यांना टायपिंगच्या चुका म्हटलं होतं.

"थांबलं नाही, कारण मी त्याला थांबू नको म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "दोन तारखेपासून फुलीला दुसरा अर्थ दिला. इतके दिवस माणूस वर असताना कोणी बटण दाबलं नाही, एवढंच. तुम्हाला विचारलं नाही."

यादगिरीला ते पुरतं कळलं की नाही कोण जाणे. तो बराच वेळ रजिस्टरावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आता परत थांबेल ना?"

"हो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. त्या माणसाने तिला शिव्या दिल्या असत्या तर भामाला सोपं गेलं असतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिने दोन कामं केली. एका कागदावर आपला जबाब लिहिला, त्यात स्वतःचं नाव आणि तो दोन पानांचा आळस, काही न लपवता. मग यादी मांडीवर घेऊन अशा जोड्या आणखी कुठे दिसतात ते शोधलं. यादगिरीचा उस्ताद आयुष्यभर एका जागी थोडाच बसला असणार. नऊ सबस्टेशनं निघाली. चार आपली. पाच आता पलीकडच्या राज्यातली. आणि पलीकडे चालत होती ती नाक्याची दोन तारखेला दिलेली प्रत. तीत फुलीचा अर्थ अजून एकच होता, जाऊ द्या.

तिने लगेच प्रतापरावांना फोन लावला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "उद्या या, पत्र तयार करू. वरून सही, मग त्यांच्याकडे. आणि भामाबाई, त्यांच्या माणसांशी परस्पर बोलू नका. चौकशीच्या काळात ते कबुलीजबाबासारखं दिसतं."

काचीगुड्याला जीप थांबवून ती उतरली तेव्हा पाच वाजून गेले होते. एकनाथराव ओट्यावर बसले होते. निवृत्तीला तीन आठवडे होत आले, तेवढ्यात माणूस वाळून गेला होता. तारामतीकाकू पाणी घेऊन आल्या आणि तिचा चेहरा बघून काही न विचारता आत गेल्या. भामाने यादी एकनाथरावांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि सत्तावीस नंबरच्या ओळी कंसाने दोन दोन जोडू लागले. चढला, उतरला. चढला, उतरला. शेवटच्या ओळीपाशी, सतरा जून, दोन चाळीस, पेन्सिल थांबली. तिला जोडायला खाली दुसरी ओळ नव्हती.

"मी सीट धरून बसलो होतो," एकनाथराव म्हणाले, "आणि तीवर माणूस केव्हाच येऊन बसलेला होता. मलाच दिसला नाही. तुला पाहा म्हटलं, स्वतः पाहिलं नाही." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझीही सही आहे, भामा. ती जबाबात घाल."

"घातली नाही काका. माझीच घातली."

"मग घाल." त्यांनी डोळे पुसले. "पाच म्हणालीस ना? नंबर आहेत?"

"आहेत. पण साहेब म्हणाले पत्र..."

"पत्र सोमवारी पोचेल. माणूस आज चढेल." ते उठून आत गेले आणि लांब वायरीचा फोन उचलून तिच्यासमोर आणून ठेवला. "लाव."

भामाने प्रतापरावांचा विचार केला, बदल्यांच्या दुसऱ्या यादीचा केला, मुलीच्या शाळेचा केला. मग नंबर फिरवला.

पहिल्या सबस्टेशनातला म्हातारा ऑपरेटर पहिल्या वाक्यातच समजला. "बरं झालं सांगितलंत अम्मा," म्हणाला. दुसऱ्याने तीनदा विचारलं, तुम्ही कुठल्या राज्याच्या, आणि शेवटी लिहून घेतलं. तिसऱ्याला फुली ठाऊकच नव्हती, तिथला जुना माणूस बदलून गेला होता. एकनाथराव प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलने खूण करत गेले.

चौथ्या ठिकाणी आवाज तरुण होता. भामाने तेच सांगितलं, माणूस वर असताना फुलीवर विसंबू नका, मशीन आता थांबत नाही.

तो घाईने म्हणाला, "मॅडम, मी आत्ताच लावलीय. दहा मिनिटं झाली. ओबुलेसु वर आहे."

"काही टाइप करू नका," भामा म्हणाली. "फोन तसाच ठेवा. आधी त्याला खाली घ्या."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पळत जाणाऱ्या चपला, दार, मग लांबून हाका. एकनाथराव उभे राहिले होते. काकू दारात येऊन थांबल्या होत्या. भामाने डोळे मिटले आणि खांबाच्या पायऱ्या मोजाव्यात तसे आकडे मनात मोजत राहिली. एकशे चाळीसला चपला परत आल्या.

"उतरला मॅडम."

एकनाथरावांनी तिच्या हातातून फोन घेतला, तेलुगूत दोन शब्द बोलले आणि खाली ठेवला. मग यादी तिच्यासमोर सरकवून पाचव्या नंबरावर बोट ठेवलं.

भामाने तो फिरवला. तिकडे घंटी वाजू लागली. वाजत राहिली आणि आपोआप बंद पडली. तिने पुन्हा फिरवला. सहा वाजायला आले, पलीकडच्या कंट्रोल रूममध्ये संध्याकाळच्या लाइनी चालू करायची वेळ झाली होती. घंटी वाजत होती. कोणी उचलत नव्हतं.